ग्रीनलंडची निवडणूक: निकाल लागण्याआधी काय लिहून ठेवाल?

जानेवारी २०२५ मध्ये ग्रीनलंडबद्दल दोन आकडे जगभर फिरले. पहिला असा, की ५७ टक्के लोकांचा अमेरिकेत सामील व्हायला पाठिंबा आहे. दुसरा असा, की ८५ टक्के लोकांना अमेरिकेचा भाग व्हायचं नाही आणि फक्त ६ टक्क्यांना व्हायचंय. दोन्ही सर्व्हे एकाच महिन्यातले, त्याच बेटावरचे. त्यानंतर ११ मार्च २०२५ ला तिथे संसदेची निवडणूक होती आणि १२ मार्चच्या सकाळी तिसरा आकडा येणार होता, निकालाचा. त्यावर लगेच मथळे येणार होते: 'ग्रीनलंडचा कौल स्वातंत्र्याला', 'ग्रीनलंडनं ट्रम्पना नाकारलं', 'ग्रीनलंडला घाई नाही'. यातला कुठलाही मथळा कुठल्याही निकालावर चिकटवता येईल. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

हा ब्लॉग वाचणारे तुम्ही बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या छोट्या स्वायत्त प्रदेशांवर, अस्मितेच्या राजकारणावर, नाहीतर निवडणूक-अभ्यासावर काम करणार. म्हणून या निवडणुकीबद्दल निकालाआधी जे लिहिलं गेलं, त्याची आज जरा चिकित्सा करू. निकालाचं भाकीत मी करणार नाही. निकालातून काय सिद्ध होऊ शकतं आणि काय नाही, एवढाच आजचा मुद्दा.

आधी थोडी ओळख

ग्रीनलंडची लोकसंख्या साधारण ५७ हजार. त्यातले जवळपास एक तृतीयांश लोक राजधानी नूकमध्ये राहतात. बाकीचे किनाऱ्यालगतच्या गावांत आणि वस्त्यांत विखुरलेले. एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. बोट, विमान, हेलिकॉप्टर किंवा हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी.

१९५३ पर्यंत ही डेन्मार्कची वसाहत होती. त्या वर्षी डेन्मार्कच्या नव्या राज्यघटनेनं तिला राज्याचा भाग करून घेतलं. १९७९ मध्ये होमरूल मिळालं. २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी आणखी अधिकारांच्या बाजूनं मत दिलं आणि २१ जून २००९ पासून स्वशासनाचा कायदा लागू झाला. परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि चलन आजही कोपेनहेगनकडे आहे. डेन्मार्ककडून दरवर्षी साधारण ४ अब्ज क्रोनरचं ठोक अनुदान येतं आणि सरकारी खर्चाचा जवळपास अर्धा भार त्यावर चालतो. निर्यातीतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा मासे आणि कोळंबीचा.

संसदेचं नाव इनात्सिसार्तुत. ३१ जागा, सगळा देश मिळून एकच मतदारसंघ, प्रमाणबद्ध पद्धत. २०२१ च्या निवडणुकीत साधारण २७ हजार लोकांनी मत दिलं. भागाकार करून बघा: एका जागेमागे ९०० सुद्धा मतं नाहीत. पुण्यातल्या एका चार सदस्यांच्या प्रभागात याहून जास्त मतदार असतात. इथे तीन-चारशे मतं इकडची तिकडे झाली तरी एखादी जागा हलू शकते. हे प्रमाण डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

दोन सर्व्हे, एक दरी

५७ टक्क्यांचा आकडा पेट्रियट पोलिंग या अमेरिकी संस्थेचा. नमुना ४१६ जणांचा, काळ ६ ते ११ जानेवारी. त्याच आठवड्यात, ७ जानेवारीला, ट्रम्प यांचे चिरंजीव नूकमध्ये उतरले होते. ८५ टक्क्यांचा आकडा व्हेरियन या संस्थेचा. नमुना ४९७ जणांचा, काळ जानेवारीचा शेवटचा आठवडा, आणि तो करवून घेतला डेन्मार्कच्या 'बर्लिंग्स्के' आणि ग्रीनलंडच्या 'सर्मित्सिआक' या वृत्तपत्रांनी.

इथे विद्यार्थी दोन ठरावीक स्पष्टीकरणं देतात. पहिलं: "नमुने लहान आहेत, म्हणून फरक पडला." गणित करा. ४१६ च्या नमुन्याची त्रुटीमर्यादा ९५ टक्के विश्वासपातळीला जास्तीत जास्त ४.८ टक्के, ४९७ ची ४.४ टक्के. बाजूचे लोक एकीकडे ५७ आणि दुसरीकडे ६, म्हणजे ५१ टक्क्यांची दरी. नमुन्याच्या आकारानं एवढी दरी पडत नाही.

दुसरं स्पष्टीकरण उलट दिशेचं: "देशच एवढासा आहे, मग पाचशेचा नमुना भरपूर झाला की!" हेही नाही. प्रौढ लोकसंख्या ४० हजार धरली आणि लहान लोकसंख्येसाठीची दुरुस्ती लावली, तर ४.४० ची त्रुटीमर्यादा ४.३७ होते. बस, एवढाच फायदा. लोकसंख्या लहान असल्यानं सर्व्हे आपोआप अचूक होत नाही. हा प्रश्न वायवात हमखास विचारतात, म्हणून ध्यानात ठेवा.

मग दरी आली कुठून? नमुन्याच्या आकाराऐवजी नमुना घेण्याच्या पद्धतीकडे बघावं लागतं. कुठलाही सर्व्हे हातात आला की मी चार प्रश्न विचारतो. कुणापर्यंत पोचले: आधीच ठरलेल्या पॅनेलमधून की जो मिळाला तो? कुठल्या भाषेत विचारलं: ग्रीनलँडिकमध्ये, डॅनिशमध्ये की इंग्रजीत? नूकमधलेच लोक की वस्त्यांतलेही? आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय? ज्या सर्व्हेच्या अहवालातून या चारांची उत्तरं मिळत नाहीत, त्याचा आकडा लिटरेचर रिव्ह्यूमध्ये घेऊ नका. घ्यायचाच असेल तर तो लोकमताचा आकडा म्हणून नको, त्या दिवसातल्या चर्चेचा पुरावा म्हणून घ्या.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय देऊ. व्हेरियनचा सर्व्हे जास्त भरवशाचा आहे असं माझं मत आहे, पण म्हणून त्यातून वाटेल ते काढता येत नाही. ८५ टक्के लोकांनी अमेरिकेला 'नको' म्हटलं. काही लेखांत याचा अर्थ 'लोक डेन्मार्कबरोबर खूश आहेत' असा लावला गेला. सर्व्हेनं तसं विचारलंच नव्हतं. त्याच सर्व्हेत 'आज सार्वमत झालं तर' या प्रश्नावर ५६ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूनं होते आणि २८ टक्के विरोधात. अमेरिकेला नको म्हणणारा माणूस डेन्मार्कलाही नको म्हणू शकतो. दोन नकारांची बेरीज होकारात होत नाही.

प्रश्नाची अट बदला, उत्तर बदलतं

५६ टक्के हाही शेवटचा शब्द नाही. २०१७ च्या एका सर्व्हेत असं विचारलं गेलं, की स्वातंत्र्यामुळे राहणीमान खालावणार असेल तर? ७८ टक्के लोक म्हणाले, मग नको. त्यामुळे 'ग्रीनलंडला स्वातंत्र्य हवंय का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कधी, कशाच्या बदल्यात, शाळा-दवाखान्याचा खर्च कोण करणार, यावर उत्तर फिरतं.

यावर पुष्कळ जण म्हणतात, "लोक गोंधळलेले आहेत." मला ते पटत नाही. अटीनुसार उत्तर बदलणं हा गोंधळ नाही, तो हिशेब आहे. घर घ्यायचंय का विचारलं तर हो, हप्ता किती सांगितल्यावर विचार करतो. आपण घर घेताना जे शहाणपण मानतो, ते दुसऱ्यानं देश घडवताना दाखवलं तर त्याला गोंधळ म्हणायचं काही कारण नाही. संशोधकाचं काम अट नोंदवण्याचं आहे. अट गाळून फक्त टक्केवारी उचलली की तो आकडा खोटा नसतो, पण निरर्थक होतो.

पक्षांची बेरीज करू नका

मार्च २०२५ ची ही निवडणूक सहा पक्षांनी लढवली. त्यातले पाच पक्ष या ना त्या स्वरूपात स्वातंत्र्याच्या बाजूचे आहेत. फक्त अतास्सुत हा पक्ष डेन्मार्कशी नातं टिकवावं म्हणतो. नालेराकला घाई आहे. देमोक्रातित म्हणतो आधी अर्थव्यवस्था पायावर उभी करू, मग बघू. तेव्हा सत्तेत असलेले दोन पक्ष, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान मूते एगेडे यांचा इनुइत अताकातिगीत आणि जोडीदार सियुमूत, यांच्या मधे कुठेतरी होते. कुल्लेक हा नवा पक्षही स्वातंत्र्याच्याच बाजूचा.

आता २०२१ चा निकाल घ्या: इनुइत अताकातिगीत १२, सियुमूत १०, नालेराक ४, देमोक्रातित ३, अतास्सुत २. स्वातंत्र्यवादी पक्षांची बेरीज केली तर ३१ पैकी २९! कुणीही उत्साही माणूस लिहील, की ९३ टक्के जागा स्वातंत्र्याला. आणि तरीही चार वर्षांत स्वातंत्र्याचं सार्वमत झालेलं नाही. जिथे जवळपास सगळेच पक्ष एका गोष्टीवर 'हो' म्हणतात, तिथे त्या गोष्टीवर मतदार पक्षांमध्ये निवड करूच शकत नाही. तो दुसऱ्या कशावर तरी निवड करतोय. सांख्यिकीच्या भाषेत, ज्या चलात फरकच नाही त्यानं काहीही स्पष्ट होत नाही.

"मग वेगावर निवड करतोय असं म्हणू," असं तुम्ही म्हणाल. थोडं बरोबर आहे, पण तिथेही अडचण आहे. मतदार यादीला मत देऊ शकतो, तसं उमेदवारालाही देऊ शकतो, आणि मतं माणसाच्या मागे जातात. २०२५ च्या निवडणुकीआधीच्या काही आठवड्यांत कुनो फेंकर आणि आकी-माटिल्डा हुए-डाम हे दोन ओळखीचे चेहरे सियुमूत सोडून नालेराककडे गेले. समजा ११ तारखेला नालेराक वाढला. मग लोकांना घाई झाली, की लोक आपल्या नेहमीच्या उमेदवाराच्या मागे गेले? राष्ट्रीय टक्केवारीतून हे कळणार नाही. उमेदवारनिहाय आणि गावनिहाय मतं काढून बसावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण संशोधन सुरू होतं ते तिथूनच.

२०२१ ची 'खाणीची निवडणूक'

ही चूक याआधीही झाली आहे. दक्षिण ग्रीनलंडमध्ये नार्साक गावाजवळ कुआन्नेर्सुइत नावाचा डोंगर आहे. तिथे दुर्मिळ मृदा-धातू आहेत आणि त्यांच्यासोबत युरेनियमही. खाण काढायची की नाही, यावरून सरकारातून देमोक्रातित बाहेर पडला आणि एप्रिल २०२१ ची निवडणूक आली. जगभरात तिला 'खाणीवरचं सार्वमत' म्हटलं गेलं. खाणीला विरोध करणारा इनुइत अताकातिगीत जिंकला, मथळे तयार होते.

जागांचा हिशेब मात्र नीट बघा. २०१८ शी तुलना केली तर इनुइत अताकातिगीत ८ वरून १२, म्हणजे चार जास्त. पण खाणीच्या बाजूचा म्हणून ओळखला जाणारा सियुमूतही ९ वरून १० वर गेला! कमी झाला तो देमोक्रातित, ६ वरून ३. आणि प्रत्येकी एक जागा असलेले दोन छोटे पक्ष संसदेतून गेले. निव्वळ 'सार्वमत' असतं तर खाणवाल्या पक्षाची जागा वाढायचं कारण नव्हतं.

याचा अर्थ खाण महत्त्वाची नव्हती असा मुळीच नाही. नव्या सरकारनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा करून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त युरेनियम असलेल्या खनिजांचं उत्खनन बंद केलं. निकालाचा परिणाम खरा होता. पण निकालाचा परिणाम आणि निकालाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणाम ठरवतं संसदेतलं बहुमत. अर्थ असतो मतदाराच्या डोक्यात, आणि तो शोधायला वेगळा पुरावा लागतो. थिसिसमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या, तर समजा की कुठेतरी उडी मारली गेली आहे.

गोव्यात हे आपण पाहिलंय

निवडणूक आणि सार्वमत यांतला फरक समजून घ्यायला आपल्या शेजारीच एक उत्तम उदाहरण आहे. आर्क्टिकशी त्याचा संबंध नाही, प्रश्नाची रचना मात्र तीच आहे: छोटा प्रदेश, 'आम्ही कुणाबरोबर' हा प्रश्न, आणि त्याच प्रश्नावर उभे राहिलेले पक्ष.

डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीवची पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १४ जागा घेऊन पुढे आला, विलीनीकरणाच्या विरोधातला युनायटेड गोवन्स १२ वर थांबला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मगोचं म्हणणं सरळ होतं: लोकांनी विलीनीकरणाला कौल दिला. जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेनं तसा ठरावही केला. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स म्हणत होता, की एवढा मोठा निर्णय विधानसभेतल्या बहुमतावर घ्यायचा नाही, लोकांना थेट विचारा.

शेवटी थेट विचारलं गेलं. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्याआधी बांदोडकर सरकार पायउतार झालं. १६ जानेवारी १९६७ ला विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पानं, अशा चिन्हांवर मतदान झालं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

याच्या पुढचा भाग पुष्कळ जण विसरतात. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा मगो जिंकला! बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. ज्या पक्षाची मुख्य मागणी लोकांनी जानेवारीत फेटाळली, त्याच पक्षाला लोकांनी मार्चमध्ये सत्ता दिली.

तुम्ही १९६३ चा निकाल घेऊन 'विलीनीकरणाला बहुमत' असं लिहिलं असतं, तर १९६७ च्या जानेवारीनं ते खोटं ठरवलं असतं. आणि जानेवारी घेऊन 'मगो संपला' असं लिहिलं असतं, तर मार्चनं ते खोटं ठरवलं असतं. मतदारांच्या वागण्यात विसंगती नव्हती. मगोला मत देण्यामागे विलीनीकरणाखेरीज इतर कारणं होती: कुळांचा प्रश्न, भाटकारांविरुद्धचा राग, बहुजन समाजाला पहिल्यांदाच मिळत असलेली सत्ता, गावागावात उघडणाऱ्या मराठी शाळा. विधानसभेच्या मतपत्रिकेवर हे सगळं एकत्र बांधलेलं होतं. जनमत कौलात त्यातली एकच गोष्ट सुटी काढून विचारली गेली.

ग्रीनलंडमध्ये ही सुटी काढण्याची सोय कायद्यातच आहे. २००९ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या जनतेनं घ्यायचा. तसा निर्णय झाला की दोन्ही सरकारांनी वाटाघाटी करायच्या, आणि कराराला ग्रीनलंडची संसद, तिथलं सार्वमत आणि डेन्मार्कची संसद या तिघांची मान्यता लागते. म्हणजे ११ मार्चला स्वातंत्र्याचा निर्णय होणारच नव्हता. ती मतपत्रिका वेगळी असेल, केव्हातरी.

बाहेरचा प्रश्न, आतला प्रश्न

इंग्रजी बातम्या वाचल्या तर वाटतं, की ग्रीनलंडच्या माणसाला सकाळी उठल्यापासून ट्रम्प हा एकच विषय आहे. त्यांचा प्रश्न खरा आहे, हे मान्य करू. परदेशी देणग्या पक्षांना घेता येऊ नयेत असा कायदा संसदेनं फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तातडीनं केला, तो उगीच नाही. पण त्याच महिन्यांत तिथे आणखी काय काय चाललं होतं ते बघा.

डेन्मार्कच्या सरकारी प्रसारण संस्थेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये एक माहितीपट दाखवला. विषय: इव्हित्तूतच्या क्रायोलाइट खाणीतून डेन्मार्कनं किती कमावलं. त्यात आजच्या किमतीत ४०० अब्ज क्रोनरचा आकडा होता. अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की ही उलाढाल आहे, नफा नाही. दहा-बारा दिवसांत संस्थेनं माहितीपट मागे घेतला. ग्रीनलंडमध्ये अनेकांना हे मागे घेणंच जास्त लागलं. 'डेन्मार्क आम्हाला पोसतं' या वाक्याला पहिल्यांदा आकड्यानं उत्तर मिळालं होतं आणि तेही काढून घेतलं. आकडा कच्चा होता हे खरं. तो लोकांच्या मनाला का भिडला, हे समजून घेणंही संशोधनच आहे.

शिवाय १९६० आणि ७० च्या दशकांत हजारो इनुइत स्त्रिया आणि मुलींना, अनेकींना न विचारता, गर्भनिरोधक कॉइल बसवल्याचं प्रकरण. त्यातल्या १४३ जणींनी २०२४ मध्ये डेन्मार्क सरकारविरुद्ध दावा लावला. पालकांची 'क्षमता' तपासणाऱ्या ज्या चाचण्यांमुळे डेन्मार्कमधल्या ग्रीनलँडिक कुटुंबांची मुलं काढून घेतली जात होती, त्या त्यांच्यासाठी बंद करण्याचं डेन्मार्कनं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. आणि रोजचे प्रश्न आहेतच: घरं, दवाखाने, शिक्षक, मासेमारीचा कोटा कुणाला किती. मासेमारीवर पोट असलेल्या गावात नवा मासेमारी कायदा हाच मोठा विषय असू शकतो.

हे प्रश्न परदेशी लेखांत एका ओळीत येतात. कारण साधं आहे: बातमीदाराचा वाचक बाहेरचा, म्हणून प्रश्नही बाहेरचा. बातमीदाराला हे क्षम्य आहे, संशोधकाला नाही. आपण इथे बसून इंग्रजी बातम्यांवरच लिटरेचर रिव्ह्यू उभा केला, तर आपण ग्रीनलंडचा अभ्यास करत नाही, ग्रीनलंडबद्दलच्या इंग्रजी बातम्यांचा अभ्यास करतोय. तोही चांगला विषय आहे, पण मग शीर्षकात तसं लिहा. 'सर्मित्सिआक' आणि तिथली प्रसारण संस्था केएनआर ग्रीनलँडिक आणि डॅनिशमध्ये मजकूर देतात. डॅनिशचं मशीन-भाषांतर कामापुरतं जमतं. रोज अर्धा तास द्या, महिन्यात दृष्टी बदलेल.

तर मग निकालाआधी काय लिहायचं?

निकाल लागल्यावर अर्थ लावणं सोपं असतं. कुठलाही निकाल आपल्या गृहीतकात बसवता येतो. म्हणून उपाय एकच: आधी लिहा. प्रयोगशाळेतले लोक अभ्यासाची योजना आधी नोंदवून ठेवतात, तीच शिस्त. निकालाच्या आत एका कागदावर तारीख टाकून लिहा, की कुठला निकाल आला तर मी काय मानीन आणि काय मानणार नाही. ११ मार्च २०२५ साठीचा माझा कागद असा होता.

एक. नालेराकची टक्केवारी वाढली, तर 'घाई वाढली' असं मी लगेच मानणार नाही. पक्षांतर केलेल्या उमेदवारांची वैयक्तिक मतं वजा करूनही वाढ उरली, आणि ती एका-दोन गावांपुरती नसून सगळीकडे दिसली, तर मानीन.

दोन. देमोक्रातित वाढला, तर 'लोकांना स्वातंत्र्य नको' असं मानणार नाही. तो पक्ष वेगाबद्दल बोलतो तसा व्यवसाय आणि करांबद्दलही बोलतो, आणि तेव्हा विरोधी बाकांवर बसलेला होता. सरकारवरची नाराजी हे स्पष्टीकरण आधी तपासीन.

तीन. घाईवाला आणि सबुरीवाला दोघेही एकदम वाढले तर? स्वातंत्र्याच्या अक्षावर हे उलटसुलट दिसेल. पण सरकारवरच्या नाराजीच्या अक्षावर ते अगदी सुसंगत असेल, कारण दोघंही तेव्हा विरोधात होते. असं झालं तर 'स्वातंत्र्याचा कौल' ही सगळी मांडणीच मला बाजूला ठेवावी लागेल.

चार. सत्तेतले दोन्ही पक्ष टिकले, तर त्याचा अर्थ 'संकटात लोक सरकारमागे उभे राहतात' असाही होतो आणि 'लोकांना सरकार आवडतं' असाही. दोन्हींत फरक करणारा पुरावा निकालात नसेल, तो सर्व्हेत शोधावा लागेल.

पाच. ट्रम्प यांच्याबद्दल निकालातून मी काहीच काढणार नाही. अमेरिकेत सामील व्हा म्हणणारा एकही प्रमुख पक्ष रिंगणात नव्हता. जो पर्याय मतपत्रिकेवर नाही, त्याचा पराभवही झाला असं म्हणता येत नाही.

यातली प्रत्येक ओळ अशी आहे, की निकालानंतर ती मला अडचणीत आणू शकते. तशी नसती तर ती लिहिण्यात अर्थ नव्हता.

कुणी म्हणेल, ५७ हजार लोकांच्या निवडणुकीसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण या ५७ हजारांच्या वतीनं बोलायला सध्या सगळं जग तयार आहे. वॉशिंग्टन म्हणतं त्यांना आम्ही हवे आहोत, कोपेनहेगन म्हणतं त्यांना आम्ही हवे आहोत, आणि दोघांच्याही हातात एकेक टक्केवारी आहे. अशा वेळी 'त्यांना नेमकं काय विचारलं होतं आणि त्यांनी नेमकं काय उत्तर दिलं' एवढंच सांगणारा माणूस दुर्मिळ असतो. ते काम आपलं आहे.

तुमचा विषय ग्रीनलंड नसेल तर गाव, जिल्हा, राज्य कुठलंही घ्या. पुढच्या निवडणुकीआधी असाच पाच ओळींचा कागद करा, तारीख टाका, आणि निकालानंतर त्यातली एक ओळही न बदलता गाइडसमोर ठेवा. केलात तर कमेंटमध्ये टाका. निकाल लागल्यावर आपले सगळ्यांचे कागद एकत्र ठेवून बघू, माझ्यासकट.